आधी तिथी बघा, मग मुलांना घेऊन अलिबागला या

मी अलिबागची सून. सुट्ट्या लागल्या की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात, "रविवारी येतोय गं, मुलांना समुद्रातला किल्ला दाखवायचाय." माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथी कोणती आहे त्या दिवशी?" पलीकडे शांतता. मग हळूच, "का गं, उपास आहे का तुझा?"

उपासाचा काही संबंध नाही. कुलाबा किल्ला (मुंबईतला कुलाबा नव्हे, एक आतेभाऊ फोनवर "कुलाब्याला पोचलो" म्हणाला तेव्हा तो रीगल सिनेमासमोर उभा होता) भर समुद्रात आहे. ओहोटीला वाळूतून आणि खडकांवरून चालत जाता येतं, भरतीला चारही बाजूंनी पाणी. मोठी माणसं आली तर किनाऱ्यावर चहा पीत पाणी उतरायची वाट बघतील. पाच वर्षांचं पोर दोन तास वाट बघत नाही. ते आधी वाळूत लोळतं, मग भूक लागली म्हणतं आणि पाणी उतरेपर्यंत झोपून जातं.

तिथीची पाऊणपट

समुद्रकाठची जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीचा तास आला. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हा पाऊणचा पाढा. अंदाज आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी तर मोबाइलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, अलिबागला ते चालतं. पण दोन महिने आधी तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता मुलांसाठी कोणते दिवस चांगले? माझं मत स्पष्ट आहे: तृतीया ते षष्ठी. ओहोटी सकाळी सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते, ऊन चढायच्या आत किल्ला बघून होतो. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा जोर तृतीया-चतुर्थीपर्यंत टिकलेला असतो, त्यामुळे पाणी चांगलं लांब ओसरतं. संकष्टीचा दिवस तर उत्तम, कारण किल्ल्यात गणपतीच आहे. फक्त माघी गणेश जयंतीला, म्हणजे माघ शुद्ध चतुर्थीला, लहान मुलं घेऊन येऊ नका. गर्दीत देवही दिसत नाही आणि किल्लाही.

पौर्णिमा-अमावास्या टाळा. त्या दिवशी भर दुपारी भरती, आणि ओहोटी उजाडताना नाहीतर दिवेलागणीला. अष्टमी ते दशमी हे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसण्याचे दिवस. कागदावर ओहोटीची वेळ दुपारची दिसते, पण पाणी पुरतं उतरतच नाही, मधल्या पट्ट्यात मुलांच्या कमरेपर्यंत राहतं. एकादशी-द्वादशीला ओहोटी दोन-तीनच्या सुमारास येते, ती डिसेंबर-जानेवारीत चालून जाते. एप्रिल-मे मध्ये त्या वेळेला खडकांवर पाय ठेवून बघा, म्हणजे कळेल मी नको का म्हणते ते. आणि पावसाळ्यात किल्ल्याचा विचारच नको.

यायचं कसं

मुंबईहून दोन रस्ते आहेत. गेटवेवरून मांडव्याची लाँच, सुमारे तासाभराचा प्रवास, आणि मांडव्याहून अलिबागपर्यंत बस. बऱ्याच लाँचवाल्यांच्या तिकिटातच ती बस धरलेली असते. गाडी सोबत हवी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो बोट आहे. मुलांना लाँच आवडते, मागे लागणारे सीगल बघत तास कसा जातो कळत नाही. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. दुसरा रस्ता पनवेल-पेण-वडखळमार्गे, एसटी किंवा गाडीने. वडखळचा नाका शनिवारी सकाळी कसा असतो ते रायगडकरांना विचारू नका, ते बोलायला लागतील. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, जवळचं स्टेशन पेण.

ओहोटी नवाच्या आसपास असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या. त्याच दिवशी निघून पोचायचं असेल तर पंचमी-षष्ठी निवडा.

पिशवीत काय

खरं तर पायात काय, हे महत्त्वाचं. स्लीपर नको. चिखलात स्लीपर रुततं, पट्टा तुटतो, आणि मग ते पोर कडेवर. मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घाला. अनवाणी तर अजिबात नाही, कारण खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची शिंपली ब्लेडसारखी कापते. माझ्या भाचीच्या टाचेवर अजून वण आहे.

प्रत्येक मुलामागे कपड्यांचा एक जोड, टोपी, पाण्याच्या बाटल्या घरी वाटतात त्याच्या दुप्पट. खायला चिक्की, केळी, दशमी. वेफर्सची पाकिटं नकोत, वाऱ्याने उडून समुद्रात जातात. बाबागाडी वाळूत निरुपयोगी. तान्हं असेल तर झोळीने अंगाशी बांधा. आणि किनारा सोडायच्या आधी सगळ्यांना शू करून आणा, "मला नाही आली" म्हणणाऱ्यालाही. खडकांच्या मधोमध त्यालाच येते.

चालत की घोडागाडीने

किनाऱ्यावरून किल्ला हाकेच्या अंतरावर वाटतो. मुलांच्या पावलांनी अर्धा तास धरा, कारण ती सरळ चालत नाहीत. वाळूवर लहान लहान गोळ्यांची रांगोळी दिसते. ती काढणारे खेकडे शेंगदाण्याएवढे असतात. वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. पाऊल वाजलं की सगळे बिळात. दोन मिनिटं न हलता उभं राहिलात तर परत बाहेर येतात. आमच्या घरातला सगळ्यात दंगेखोर मुलगा आयुष्यात पहिल्यांदा दोन मिनिटं गप्प उभा राहिला तो या खेकड्यांसाठी. पुढे चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात, मासा असून पाण्याबाहेर. ही सगळी गंमत घोडागाडीत बसलं की हुकते.

म्हणून मी सांगते, जाताना चालत जा, येताना घोडागाडी करा. जाताना मुलं ताजी असतात, येताना नसतात. शिवाय परतताना पाणी थोडं चढलं असेल तरी गाडी त्यातून निघते. दर आधी ठरवा आणि परतीची वेळ गाडीवानाशी नक्की करा. "काका, दहाला न्यायला याल ना?" असं मोघम विचारू नका, त्यांनाच विचारा पाणी कधी लागेल. "मावशी, साडेदहानंतर मी नाय थांबनार," असं उत्तर आलं तर ते खरं माना. पोटासाठी रोज हेच पाणी बघणाऱ्या माणसाला तुमच्या मोबाइलपेक्षा जास्त कळतं.

वेळेचा नियम साधा ठेवा: ओहोटीच्या तासभर आधी किनारा सोडायचा, आणि ओहोटी होऊन तासाभराने परतीच्या वाटेवर असायचं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका वर्षी जावेची दोन मुलं घेऊन गेलो, तटावर फोटो काढत बसलो. उतरलो तर मघाशी ज्या वाळूवरून आलो तिथे पाणी चमकत होतं. घोटाभर आहे म्हणून निघालो. मध्यावर ते माझ्या गुडघ्याच्या वर. नवऱ्याच्या खांद्यावर एक, दिराच्या खांद्यावर एक, माझ्या डोक्यावर पिशवी. भरतीचं पाणी समोरून लाट होऊन येतच नाही. ते बाजूच्या खोलगट पट्ट्यांमधून गुपचूप भरतं आणि तुमच्या मागून येतं. किनाऱ्यावर पोचल्यावर धाकटा म्हणाला, "काकू, परत एकदा!" माझे हात तासभर थरथरत होते.

किल्ल्यात गेल्यावर

तिकीट भारतीय पुरातत्त्व खात्याचं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

सगळा किल्ला दाखवायचा हट्ट सोडा. सतरा बुरूज आहेत, सतरा बघून मुलांना काहीच आठवत नाही. मी चार गोष्टी दाखवते.

पहिली, तटाचे दगड. खालचे प्रचंड दगड एकमेकांवर नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. मुलांना फटीत बोट घालायला सांगा, कुठे कुठे अख्खा हात जातो. मग विचारा, "सिमेंट नाही, चुना नाही, तरी लाटांनी कसा नाही पडला?" दोघं-तिघं काहीबाही सांगतील. लाट आपटली की पाणी फटींमधून आत शिरतं आणि बाहेर येतं, त्यामुळे तिचा जोर तिथेच मरतो, भिंतीला सगळा धक्का बसत नाही. घरी गेल्यावर ठोकळ्यांचा तट बांधून त्यावर बादलीभर पाणी ओतलं जाणार, याची तयारी ठेवा.

दुसरी, गोड पाणी. गणपतीच्या देवळापुढे पुष्करणी आहे. चहूकडे खारट समुद्र आणि मधोमध गोडं पाणी. पावसाचं पाणी खडकात मुरतं आणि साठतं, म्हणून हे शक्य होतं. वेढा पडला तर तोफांपेक्षा आधी पाणी संपतं, हे मुलांना चटकन कळतं, कारण त्यांची बाटली तोवर संपलेली असते. पुष्करणीच्या आणि विहिरीच्या काठाशी हात घट्ट धरा. तटावरही तेच, कठडा प्रत्येक ठिकाणी नाही.

तिसरी, देऊळ. राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणेशपंचायतन. गाभाऱ्यात गणपतीसोबत शिव, विष्णू, सूर्य आणि देवी. मुलांना पाच देव मोजायला लावा. आत गारवा असतो, दहा मिनिटं टेका, दशमी मात्र सभामंडपात नको, बाहेर झाडाखाली खा.

चौथी, उत्तरेच्या तटावरच्या चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा. या इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये ओतलेल्या. आंग्र्यांच्या किल्ल्यावर इंग्रजी तोफा कशा? पुढे १८४० च्या सुमारास संस्थान खालसा करून इंग्रजांनी किल्ला घेतला. मुलं तोफेवर चढायला बघतात. नको म्हणा. लोखंड तापलेलं असतं आणि तोफ आपल्या काकांची नाही.

गोष्ट सांगायची ती इथेच, तोफेजवळ सावलीत बसून, आणि थोडक्यात. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० च्या मार्चमध्ये सुरू केलं. "मग महाराज इथे राहिले?" हा प्रश्न दर वेळी येतो. नाही, पुढच्याच महिन्यात ते गेले, बांधून पुरा केला संभाजी महाराजांनी. नंतर इथून कान्होजी आंग्र्यांनी समुद्रावर राज्य केलं. त्यांची परवानगी, म्हणजे दस्तक, नसलेलं गलबत या पाण्यातून सुखाने जात नसे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, मिळून या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. इंग्रज कान्होजींना चाचे म्हणायचे. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. इतकं पुरे. याहून जास्त सांगायला लागलं की मुलं दगड वेचायला लागतात.

दुपार

परत आल्यावर आधी नळावर पाय धुवा, मग जेवण. कुठल्याही खानावळीत सुरमईची थाळी मिळेल. मुलांना तिखट झेपत नसेल तर कोरडा तळलेला तुकडा आणि वरण-भात वेगळा मागा, कुणी नाही म्हणत नाही. तांदळाची भाकरी मुलांना आवडते. सोलकढी अर्धी वाटीच द्या. फेब्रुवारीनंतर आलात तर पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतील. या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही, चवीला गोडसर. माळ हातात घेऊन बघा, देठ एकमेकांत वेणीसारखे विणलेले असतात. जेवून झोप. मोठ्यांनीसुद्धा.

चारनंतर एकच ठिकाण निवडा. दोन केलीत तर संध्याकाळी रडारड.

पाहिजे तर गावातली कान्होजींची समाधी बघा. सकाळी गोष्ट ऐकलेली असते, नाव ओळखीचं वाटतं. हिराकोट हा गावातला किल्ला बाहेरूनच, आत तुरुंग आहे. "आत खरे चोर आहेत?" यावर बराच वेळ जातो.

इस्राएल आळीत मॅगेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८४८ मध्ये स्थापन झालेलं. बेने इस्राएल, म्हणजे इथल्या ज्यू लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि वाचलेली माणसं इथेच राहिली. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. आडनावंही आपल्यासारखीच, गावावरून: नवगावकर, किहीमकर. माझ्या पुतण्याच्या वर्गात एक किहीमकर आहे, तो दोन दिवस त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघत होता. आत जायचं असेल तर आधी परवानगी विचारा, आणि शनिवारी त्रास देऊ नका.

किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईतल्या कुलाब्याची वेधशाळा विजेच्या ट्राम येणार म्हणून अडचणीत आली. विजेमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापं बिघडतात. मग १९०४ मध्ये काम इथे हलवलं. मापं घेण्याच्या खोल्या पोरबंदरी दगडाच्या, आणि त्यांत लोखंड वापरलेलं नाही, खिळासुद्धा. एरवी बाहेरूनच बघावी लागते, पण होकायंत्राशी खेळलेल्या मुलाला एवढं ऐकूनही मजा येते.

माझी स्वतःची निवड आक्षी. अलिबागपासून रेवदंड्याच्या रस्त्यावर काही मिनिटांवर. तिथे शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या ज्ञात शिलालेखांत त्याला पहिला मान देतात. दगड झिजलेला आहे, मोठ्यांनाही सहज वाचता येत नाही. पण नुकतीच बाराखडी शिकलेल्या मुलाला दगडासमोर उभं करून "यात ओळखीचं काही दिसतंय का?" विचारा. भाचीने नाक दगडाला टेकेपर्यंत वाकून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, याचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे." वर चंद्र-सूर्य कोरलेत, चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालू राहो म्हणून. "म्हणजे भरतीवाला चंद्र?" हो, तोच.

आक्षीचा किनाराही सुरूच्या झाडांमुळे सावलीचा आहे. मुलांना संध्याकाळी तिथेच खेळू द्या, पाण्यात घोट्यापर्यंतच. सकाळी ओहोटी बघितलेली असते, आता भरती उलटून पाणी पुन्हा उतरायला लागलेलं असतं.

निघताना

मांडव्याहून परतायचं असेल तर शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा, आणि त्याआधीच्या बोटीने जा. रस्त्याने जाणाऱ्यांनी रविवारी चारला तरी निघावं, नाहीतर सरळ जेवून रात्री.

एक काम मात्र किनारा सोडायच्या आधी कराच. मुलांच्या खिशातले शंख एका जागी वाळूवर मांडा आणि जरा वेळ बघा. जो चालायला लागेल त्यात खेकडा आहे, तो परत समुद्रात. मागच्या वर्षी आम्ही हे विसरलो. पनवेलच्या एसटीत, पोयनाडच्या पुढे, पुढच्या सीटवरच्या आजी एकदम पाय वर घेऊन ओरडल्या. एक शंख त्यांच्या चपलेवरून निघाला होता. कंडक्टरने तो तिकिटाच्या कागदात उचलून भाचीच्या हातात दिला. पुढच्या थांब्यावर उतरलो, आणि रिक्षा करून खेकड्याला घेऊन परत अलिबागला आलो.